सिदूअण्णांचे दोन हात

"हे बटण सुटलं तर मी तिथनंच उठून चालायला लागेन," माझ्या डाव्या मनगटावरचं बटण लावता लावता चंद्राआत्यानं बजावलं. "घाम येऊ दे, चक्कर येऊ दे, आडवा पडलास तरी चालेल. बाही वर करायची नाही."

आम्ही कोल्हापूरच्या एसटी स्टँडबाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो. मे महिन्यातली दुपार. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि माझ्या अंगात टेरिकॉटचा पूर्ण बाह्यांचा सदरा होता. शेजारी आमचे मध्यस्थ सिदूअण्णा मात्र अर्ध्या बाह्यांत मजेत उभे राहून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. सिदूअण्णांना हातांवर, मानेवर, कानांवरसुद्धा देवानं सढळ हातानं केस दिले होते. डोक्याची पाळी येईपर्यंत त्याच्याकडचे संपले असावेत.

"आणि त्या पिशवीत काय आहे?" आत्यानं विचारलं.

"टॉवेल."

"टॉवेल खणखणतोय?"

तेवढ्यात रिक्षा आली म्हणून मी वाचलो. पिशवीत लाकूड तासायच्या माझ्या स्वीडिश पटाश्या होत्या, कॅनव्हासच्या गुंडाळीत ओळीनं लावलेल्या. मुलगी बघायला जाताना कोणी पटाश्या नेत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण सिदूअण्णांनी स्थळाची माहिती सांगताना मुलीचं शिक्षण, उंची, रास या सगळ्यानंतर सहज एक वाक्य टाकलं होतं. मुलीचे वडील शामराव मेस्त्री उद्यमनगरातले जुने पॅटर्न मेकर. फाउंड्रीत ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो ते करतात, आणि त्यांच्याकडे इंग्रजी हत्यारांचा एक पेटारा आहे. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी मुलीपेक्षा पेटारा बघायला निघालो होतो.

मी तेव्हा मिरजेला एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये कामाला होतो. आमचे आजोबा सुतार. वडील पोस्टात चिकटले आणि घरातली हत्यारं गेली, पण नाद एक पिढी ओलांडून माझ्यात उतरला. बंद पडलेल्या गिरण्यांचा माल निघाला, रेल्वेच्या वर्कशॉपचा लिलाव निघाला, पुण्याच्या जुन्या बाजारात कोणी गोणी उपडी केली, की मी तिथं हजर. स्वित्झर्लंडच्या कानशी, जर्मन पकडी, एक इंग्रजी रंधा, आणि स्वीडनच्या पटाश्या. रविवारी मी अंगणात बाभळीचा ठोकळा घेऊन बसायचो आणि एकीची धार दुसरीपेक्षा किती टिकते ते बघायचो. माझं मत पक्कं झालेलं होतं. पोलाद स्वीडनचं, बाकीच्यांचं नुसतं लोखंड.

आता धार बघायची एक रीत आहे. पटाशी हातावर आडवी धरून हलकेच सरकवायची. केस अलगद निघून आले तर धार आली, नाहीतर परत दगडावर. उजव्या हातात पटाशी, म्हणून डावा हात कामाला यायचा. त्यामुळे माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पट्टा कायम तुळतुळीत, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. सांगलीचं एक स्थळ मला बघून गेलं आणि निरोप आला की मुलाच्या हातावर 'काहीतरी' आहे. काहीतरी म्हणजे कोड, हे कोणी तोंडानं म्हणालं नाही. असतं तरी काय बिघडलं असतं, हे आज म्हणता येतं. त्या काळी जमलेलं लग्न मोडायला नुसता संशय पुरायचा. आत्यानं जीव तोडून सांगितलं की ते हत्याराच्या धारेमुळे आहे. कोणाला पटलं नाही. तेव्हापासून पूर्ण बाह्या.

आई-वडील लवकर गेले, मला आत्यानंच वाढवलं. तिचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. आणि तिनं शेवटचं बजावलं होतं. कोल्हापूरचं जमलं तर उत्तम, नाहीतर इचलकरंजीला होकार. इचलकरंजीच्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण तिच्या वडिलांची एकच अट होती: लग्नाआधी मुलानं घरातलं भंगार काढावं. म्हणून आदल्या दिवशी मी माझ्या सोनार मित्राकडे जाऊन त्याच्या पॉलिशच्या चाकावर सगळ्या पटाश्या आरशासारख्या लखलखीत करून घेतल्या होत्या. निदान एका घरात तरी त्यांना कोणी भंगार म्हणू नये.

शामराव मेस्त्रींची शेड पुढे आणि घर मागे. सागवानाचा आणि रंगाचा वास थेट बैठकीच्या खोलीपर्यंत येत होता. शामराव ठेंगणे, गोल चेहऱ्याचे. धुतलेलं धोतर नेसले होते, पण कानावर पेन्सिल तशीच होती. त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, ती दोनदा काढून ठेवली आणि दोन्ही वेळा ती परत कानावर जाऊन बसली.

"या, बसा. ऊन लई हाय," शामराव मला म्हणाले. "सदऱ्याचं बटण सोडा की वरचं. घरच्यासारखं बसा."

"नको, त्याला सवय आहे," आत्या घाईघाईनं म्हणाली.

मग मुलगी पोहे घेऊन आली. विजयमाला. सावळी, शिडशिडीत, चालण्यात कसलाही लाजराबुजरेपणा नाही. आणि अंगात मनगटापर्यंत बाह्या असलेलं ब्लाउज. एवढ्या उन्हात! तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला होता, माझ्याही निघाला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून जरा आश्चर्यात पडलो. पंखा मात्र सिदूअण्णांच्या अंगावर फिरत होता.

"पोरगी बी.ए. झाली," शामराव म्हणाले. "आता माझ्यासंगं शेडमध्ये काम बघती. तुम्हाला कशाची आवड?"

आत्यानं माझ्या पायावर पाय ठेवला. 'वाचन' असं उत्तर ठरलं होतं.

"हत्यारं जमवतो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. "युरोपातली. त्यातनं स्वीडिश जास्त."

इतका वेळ खाली बघणाऱ्या मुलीनं मान वर केली. "स्वीडिश?"

मी रोज सकाळी खडू खातो असं सांगितलं असतं तरी तिचा आवाज यापेक्षा वेगळा लागला नसता.

"का? वाईट असतात?"

"वाईट कशाला? मऊ असतात. धार लगेच येती, लगेच जाती."

"आणि तुमच्या इंग्रजी शेफिल्डच्या पटाशीला धार येईपर्यंत लावणारा म्हातारा होतो."

"हुईना का म्हातारा. पण मग धार ऱ्हाती."

"माला!" सुशीलाबाईंनी डोळे वटारले. आत्यानं माझ्यावर वटारले. शामराव मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते, आणि कुस्ती बघायला मिळालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा खुलला होता.

"ह्ये असं न्हाई कळायचं," ते उठलेच. "चला शेडमध्ये. पेटारा दाखवतो."

पोहे तसेच राहिले आणि सगळी वरात शेडमध्ये गेली. विजयमालानं पेटारा उघडला. आत हिरव्या बनातीवर पटाश्या मापानं लावलेल्या, दांडे हातानं घासून घासून काळपट झालेले. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, यात लाजायचं काही नाही. ती एकेक काढून माझ्या हातात देत होती आणि मी माना डोलवत होतो.

"ह्या समद्या शेफिल्डच्या," शामराव अभिमानानं म्हणाले. "माझ्या वस्तादांनी जाताना माझ्या हातात दिल्या."

मधली एक रुंद पटाशी मी उजेडाकडे धरली. तिच्यावरचा छाप झिजून गेला होता. मी ती कडेनं बघितली, उलटी केली, परत बघितली.

"ही नाही," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"ही शेफिल्डची नाही. बाकीच्यांच्या कडेला बघा, लोखंडावर पोलादाचा थर जोडल्याची बारीक रेघ दिसते. जुन्या इंग्रजी कामात ती असायची. ही अखंड पोलादाची आहे, आणि हिचा खांदाही वेगळा आहे. माझ्या मते जर्मन."

मग विजयमाला वडिलांकडे वळली आणि तिनं टाळीच वाजवली.

"बघा! बघा! काय म्हणत होते मी? किती वर्षं भांडतीय तुमच्यासंगं? रेघ न्हाई म्हणून सांगत होते का न्हाई?"

"अगं पण वस्ताद म्हणायचे—"

"वस्तादांना कोणीतरी टोपी घातली!" ती माझ्याकडे बघून हसली. असं मोकळं, मनापासून हसली की माझ्या हातातली पटाशी जर्मन की इंग्रजी हे मी साफ विसरलो. त्या क्षणी माझं ठरलं. पेटारा राहिला बाजूला. ही मुलगी दुसऱ्या कोणाच्या घरी गेली तर मला चालणार नव्हतं.

"आता ही बघा, हिला काय म्हणता?" असं म्हणत ती वरच्या फळीवरची गोल पटाशी काढायला गेली, आणि कामाच्या सवयीनं तिनं आधी डावी बाही कोपरापर्यंत सारली.

मनगटापासून वर एक लांबट, उजळ पट्टा. मला बघताक्षणी कळलं. आत्यालाही कळलं, पण तिला भलतंच कळलं.

"सिदूअण्णा," आत्याचा आवाज एकदम थंड झाला. "चला. एसटी मिळेल अजून."

विजयमालानं बाही खाली ओढली. सुशीलाबाई पुढे झाल्या. "अवो ताई, तसं काय न्हाई त्ये. हत्याराची धार बघायला ती हातावरचे केस—"

"हे तुम्ही मला सांगताय?" आत्या कडाडली. "हे आमचं कारण आहे! सिदूअण्णा, आमच्या घरची गोष्ट तुम्ही यांच्या कानावर घातलीत आणि आता तीच आमच्या गळ्यात मारताय?"

"मी फक्त पत्रिका दिल्या हो," सिदूअण्णा म्हणाले.

"तुमचं कारण म्हंजे?" सुशीलाबाईंनी विचारलं.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी मनगटावरचं बटण काढलं आणि बाही वर केली. माझा पट्टा विजयमालाच्या पट्ट्यापेक्षा रुंद होता, आणि उजेडात चांगलाच चमकत होता.

"अगं बाई!" सुशीलाबाईंनी तोंडावर पदर धरला. "म्हंजे पोराला—"

"हत्याराची धार," आत्या म्हणाली.

"अस्सं! आमचंच वाक्य आमच्याच तोंडावर?"

मग जे सुरू झालं त्यात दोन्ही बाजूंचा मुद्दा एकच होता. आमच्या लेकराचं धारेमुळे आहे, तुमच्या लेकराचं खरं आहे. दोघी आपापलं सत्य इतकी वर्षं जगाला पटवून थकल्या होत्या आणि दुसरीच्या तोंडून तेच सत्य ऐकल्यावर दोघींनाही ते शुद्ध खोटं वाटत होतं. विजयमाला मधे पडली, मी मधे पडलो, कोणी दाद दिली नाही. मधूनमधून दोघी मिळून सिदूअण्णांवर तुटून पडत होत्या, तेवढीच काय ती एकी.

"गप बसा!" शामराव शेवटी ओरडले. "दोघांचं खरं असंल तर करून दाखवायला कितीसा वेळ लागतोय? पटाश्या हितं हायत. केस काढून दाखवू द्या."

"कशावरचे?" आत्यानं विचारलं. "यांच्या हातावर आहेत कुठं?"

खरंच नव्हते. माझा डावा हात साफ आणि उजवा पटाशी धरायला, विजयमालाचं तेच, शामरावांचा तर कधीपासूनच साफ. बायकांचा प्रश्नच नव्हता. मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" सिदूअण्णा म्हणाले.

त्यांना स्टुलावर बसवलं. डावा हात शेफिल्डला, उजवा स्वीडनला, असं शामरावांनी जाहीर केलं. सिदूअण्णा म्हणत होते की आजवर पुष्कळ लग्नं जमवली, पण असलं काही कधी द्यावं लागलं नाही. तरी बसले बिचारे. लग्न जमावं असं मनापासून वाटत होतं त्यांना.

पहिली विजयमाला. तिनं पेटाऱ्यातली एक पटाशी घेतली, पदराला पुसली आणि त्यांच्या डाव्या हातावर आडवी टेकवली. सिदूअण्णांनी डोळे गच्च मिटले. पटाशी एकदा मनगटाकडून वर गेली. मागे काळ्याभोर रानातून पायवाट निघावी तशी स्वच्छ पट्टी उमटली आणि केसांचा पुंजका पात्यावर जमा झाला.

"करा सुरू," सिदूअण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "एकदाचं होऊन जाऊ दे."

"झालं की, अण्णा."

आत्यानं पुढे होऊन त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग विजयमालाचा हात हातात घेऊन तिच्या पट्ट्यावरून फिरवलं. आत्या हेकट असेल, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारी नव्हती. "खरं आहे पोरीचं," ती म्हणाली. "माझं चुकलं. बोलले ते मागे घेते."

"आता तुमचं," सुशीलाबाई म्हणाल्या.

मी पिशवीतून गुंडाळी काढली आणि सोडली. स्वीडिश पटाश्या अशा चमकल्या की शेडच्या पत्र्यावर कवडसे नाचले.

"हा टॉवेल काय?" आत्या पुटपुटली, पण तिच्या आवाजात आता आशा होती.

मी सगळ्यात आवडती पटाशी घेतली आणि सिदूअण्णांच्या उजव्या हातावरून सरकवली. केस खाली वाकले. पटाशी पुढे गेली. केस परत उभे राहिले.

मी जरा दाबून सरकवली. "आई गं!" सिदूअण्णा ओरडले. दुसरी घेतली. तीच गत. तिसरी घेतली. सिदूअण्णांच्या उजव्या हाताचा एक केस इकडचा तिकडे झाला नाही.

"मग ह्यांच्या पोराच्या हाताला काय झालंय?" सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या.

आत्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. तिलासुद्धा क्षणभर शंका आली होती. इचलकरंजी दिसायला लागली, भंगारवाल्याचा तराजू दिसायला लागला, आणि समोर उभी असलेली ही मुलगी दूर दूर जाताना दिसायला लागली.

विजयमालानं माझ्या हातातली पटाशी घेतली नाही, नुसती वाकून तिच्या कडेकडे बघितली. "धारेवर उजेड चमकतोय," ती म्हणाली. "धार असली की कड दिसत न्हाई. ही दिसतीय. काय केलं हिला?"

"काल सोनाराच्या चाकावर पॉलिश केली."

"पॉलिश!" तिनं कपाळाला हात लावला. "कड गोल झाली की हो त्यानं. आता ही तोंड बघायच्या कामाची."

"नुसतं सांगायला काय जातंय?" सुशीलाबाई म्हणाल्या. "माला, पाव्हण्यांना सरबत दे. एसटी गाठायची हाय त्यांना."

शामराव मला वाईट वाटणार नाही अशा बेतानं जवळ आले. त्यांनी कोपऱ्यातून एक पिवळट दगड आणला. बेल्जियमचा धारेचा दगड, मी फक्त ऐकून होतो. तो पाण्यानं ओला करून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "लावा धार," ते म्हणाले. "तुमची तुम्ही लावा." आणि स्वतःचे हात मागे बांधून उभे राहिले.

मी बसलो. घरी अंगणात निवांत धार लावणं वेगळं, आणि दोन घरं डोक्यावर उभी असताना लावणं वेगळं. दगड अनोळखी, कोन सापडेना, कपाळावरचा घाम टपटप दगडावर पडत होता. थोड्या वेळानं मी पटाशी पुसून सिदूअण्णांकडे बघितलं. त्यांनी नाइलाजानं हात पुढे केला. केस वाकले आणि परत उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या आता," सुशीलाबाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांच्या आवाजातही कीव होती.

मी पटाश्या गुंडाळायला घेतल्या.

"द्या इकडं," विजयमाला म्हणाली.

"माला," शामराव म्हणाले. एवढंच. पण असं म्हणाले की मी चमकून वर बघितलं.

"ठावं हाय मला, बाबा."

ती दगडापुढे मांडी घालून बसली. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या, कोणाची पर्वा न करता. माझ्या हातून पटाशी घेतली, दगडावर टेकवून कोन चाचपला आणि धार लावायला लागली. दगडावर पिवळसर चिखल जमत होता, ती बोटानं पाण्याचे थेंब सोडत होती. "कोन उभा धरता तुम्ही जरा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण पोलाद बरं हाय. बोलले होते तेवढं मऊ न्हाई."

मला कळत नव्हतं ते वेगळंच. सुशीलाबाई, ज्या इतका वेळ आम्हाला बाहेर काढायला निघाल्या होत्या, त्या मटकन एका ठोकळ्यावर बसल्या होत्या. लेकीकडे टक लावून बघत होत्या. मग काही न बोलता उठून घरात गेल्या. शामराव खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत होते, एकदा पुसून झाला तरी परत पुसत होते. मला वाटलं, मुलीच्या आगाऊपणाचा त्यांना राग आला. तिच्यावर रागावू नका, असं म्हणायला मी तोंड उघडत होतो.

"हं," विजयमालानं पटाशी पुसून दांड्याकडून माझ्या हातात दिली. "आता करा."

सिदूअण्णांनी उजवा हात पुढे केला. मी पटाशी टेकवली आणि श्वास रोखून सरकवली. केस अलगद उठून पात्यावर आले. मनगटापासून वर सरळ, स्वच्छ पट्टी. डाव्या हाताच्या पट्टीला शोभेल अशी.

"बघितलंत!" आत्या ओरडली. "सुशीलाबाई, या, बघा! माझ्या दिगूचा हात बघा आणि हा बघा! हात लावून बघा!"

"सुटलो," सिदूअण्णा आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघत म्हणाले.

सुशीलाबाई आल्या, पण सिदूअण्णांच्या हाताकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. त्यांच्या हातात साखरेची वाटी होती. त्यांनी चिमूटभर साखर आत्याच्या हातावर ठेवली.

आत्या गोंधळली. "हे काय? बोलणी व्हायची आहेत अजून. मानपान आहे, याद्या आहेत—"

"बोला की निवांत," शामराव खिडकीपासून वळले. डोळे लाल झाले होते, पण चेहरा हसत होता. "पर ताई, आम्हा पॅटर्नवाल्यांची एक रीत हाय. माझ्या वस्तादांपासनं चालत आलेली. दुसऱ्याच्या पटाशीला आपला दगड लावायचा न्हाई. ज्याची धार त्यानं लावायची. शेजारचा अडला तर दगड द्यायचा, हत्याराला हात लावायचा न्हाई. मघाशी मी लावून देऊ शकलो असतो की. न्हाई लावली."

"मग हिनं?"

"लावायची ती फकस्त घरच्या माणसाची. एका चुलीवर जेवणाऱ्याची." शामरावांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. "एवढी वर्षं शेडमध्ये बसती पोरगी. किती कारागीर आले, गेले. माझ्या आन् स्वतःच्या सोडून कुणाच्या पटाशीला तिनं दगड दाखवला न्हाई. तुम्ही तुमचं ठरवा सावकाश. आमच्या पोरीनं तिचं ठरवलंय."

आत्यानं हातावरच्या साखरेकडे बघितलं, मग विजयमालाकडे, आणि एका दमात ती साखर तोंडात टाकली.

मी मात्र जागच्या जागी उभा होतो, हातात पटाशी घेऊन. इतकं सुख एकदम अंगावर येईल याची मला कल्पना नव्हती. विजयमाला अजून दगडापुढेच बसली होती.

"तुम्हाला..." मी हळूच विचारलं, "तुम्हाला ती रीत ठाऊक असून..."

"मग काय, नुसती बोथट दिसली म्हणून लावली?" तिनं दगडावर पाणी शिंपडलं आणि ओला हात माझ्यापुढे केला. "असं उभं काय ऱ्हायलाय? बाकीच्या समद्या आणा इकडं. त्या काय मिरजेला जाऊन लावायच्या?"